शेततळ्यातले पुढचे बीज

मी, पुंजाजी गोंडुजी इंगळे, एसटीचा निवृत्त चालक, वय चौऱ्याहत्तर, राहणार साखरखेर्डा, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या दडपणाने किंवा भरीस पडून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा संघपाल व मुलगी सुवर्णा यांना समान. सुवर्णा नवऱ्याचे घर सोडून आली तेव्हा तिच्या आईने तिला मागची खोली दिली होती. तिथून तिला कोणीही उठवू नये.

२. बँकेतली ठेव दोघांना निम्मी. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. मांडव नको.

३. शेत व शेततळे. इथे सविस्तर लिहिणे भाग आहे, नाहीतर उद्या दोघे तहसीलात उभे राहतील.

तळे खोदले तेव्हा माझी पत्नी पंचफुला म्हणाली, "मरळ सोडा न जी." ती नांदुऱ्याकडची, पूर्णाकाठी मरळ खाऊन वाढलेली. मी समजावले की मरळ बाकीच्यांची पिल्ले खाते. त्यापेक्षा कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कोणी कोणाच्या घासाला लागत नाही.

"मंग हेच आणा," ती म्हणाली. "निदान तळ्यात तरी भांडण नको." घरात भावाबहिणीचे पटत नव्हते. मरळीचे मात्र राहूनच गेले.

तिन्हींची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडली. पेंड-कोंडा सुवर्णा टाकायची. पुढे पंचफुला आजारी पडली. आईच्या औषधपाण्याला हातभार लागावा म्हणून संघपालला घाई झाली. कोण्या व्यापाऱ्याचे ऐकून त्याने कोणाला न विचारता झटपट वाढणारा मांगूर मासा आणून तळ्यात सोडला. तोही बंदी असलेला, परदेशी.

उन्हाळ्यात जाळे ओढले तर नुसता मांगूर. बाकी सगळे त्याने फस्त केले होते. मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी खड्डा खणून तोही पुरायला लावला.

घरी खाटेवरून पंचफुलाने विचारले, "कटला केवढा झाला वं, सुवर्णा?"

"कोपरापर्यंत, आई. उद्या तुले दाखवीन."

"संघपालनं ध्यान देलं न तळ्याकडे?"

"हाव. त्यानंच तं सांभाळलं."

संघपाल दारात उभा होता. ज्या बहिणीशी उभा दावा, तिने आपल्याला झाकले, हे त्याला सोसले नाही. थोड्याच दिवसांत आई गेली, आणि तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच दिवशी तो चाकणला गेला, तो परत आलाच नाही. सुवर्णाने त्याला एक शब्दही सुनावला नव्हता. भांडली असती तर कदाचित तो राहिला असता, असे मला पुष्कळदा वाटते.

म्हणून शेत दोघांचे समाईक. तळे, जाळे व पंप सुवर्णाचे. परंतु तळ्यात माशाचे कोणते बीज पडावे हे ठरवण्याचा हक्क संघपालचा राहील, आणि ते त्याने स्वतः हजर राहून सोडावे. निरोप धाडलेला चालणार नाही. तोवर तळ्यात मासा नसला तरी हरकत नाही. तसाही आम्ही नंतर सोडलेला नाही.

सुवर्णाने विचारले, "बाबा, त्यानं पुन्हा मांगूरच आणला तं?"

"त्याले येऊ तं दे," मी म्हटले.

४. चुलतभाऊ रंगराव पंचफुलाच्या पुण्यानुमोदनाला जेवून उठला आणि मांगुरावरून लोकांना हसवत बसला. बांधावरची बाभूळ आपली म्हणून तो जन्मभर भांडला. ती त्याला द्यावी. भांडायला त्याच्याजवळ काही उरू नये.

५. काल हा मजकूर मी संघपालला फोनवर वाचून दाखवला. शेवटी तो म्हणाला, "बाबा, तळ्यात पानी किती हाये?"

"कंबरेएवढं."

"बरं."

येतो म्हणाला नाही. पण फोन त्याने ठेवला नाही. बऱ्याच वेळाने मीच ठेवला.

वरील शब्द माझे असून खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

(सही) पुंजाजी गोंडुजी इंगळे

साक्षीदार:
(सही) प्रेमानंद किसन मोरे, शेजारी
(सही) कलाबाई भिकाजी साळवे, निवृत्त अंगणवाडी सेविका

साखरखेर्डा, दि. ९ मार्च २०२५