मंदाचं कार्ड

शेवगाव, ६ मार्च १९७३
नगरचा पेपर आला. पहिल्या पानावर ‘प्रयोगासाठी पोरं उपाशी!’ खाली मंदाचा फोटो, कुठून मिळाला कोण जाणे. जाऊन महिना झाला तिला. तीन वर्षांची होती. लिहिलंय, नर्स बाटल्या भरून रक्त काढते, खाणं बंद करते. नर्स म्हणजे मीच. कुपोषणाच्या पाहणीसाठी बोटातून रक्ताचा एक थेंब घेत होतो, आणि दूध पावडर सगळ्या पोरांना. लिहिणाऱ्याने पोरांच्या वजनाचं एक कार्ड तरी बघायचं होतं.

८ मार्च
दुष्काळी कामावर वजनं घ्यायला गेले. बायकांनी पोरं पदराआड घेतली. चारच आली. मंदाची आई गिरजा खडी फोडत होती. मान वर न करता म्हणाली, “बाई, माज्या पोरीचं रगत इकलं म्हनत्यात. खरं हाय का?”
नाही म्हटलं. ती फोडतच राहिली.

९ मार्च
तहसील कचेरीत चौकशी लागली, चौदा तारखेला. कार्डं लावताना मंदाचं निघालं. माझंच अक्षर. वजन उतरलं. जुलाब. ‘नगरला दवाखान्यात पाठवावे.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याखाली पाहणीच्या डॉक्टरांची सही: ‘पाहणी संपेपर्यंत थांबावे.’ पोर दवाखान्यात गेलं की पाहणीतून कमी होतं, म्हणून.
पेपरातलं सगळं खोटं. आणि खरं आहे ते कुणी छापलंच नाही.
मीही थांबलेच की. एसटीत बसवून द्यायला कुणाची सही लागत होती?

११ मार्च
पेपरवाला आला, एकदाचा. कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवला. “एवढं कोण वाचणार बाई? वजनकाट्यापाशी उभ्या राहा, फोटो घेतो.” हाकलला. मंदाचं कार्ड मात्र गठ्ठ्यात ठेवलं नव्हतं. ते का, हे स्वतःला विचारायचं धाडस नाही.
दुपारी डॉ. कोरं कार्ड घेऊन आले. आवाज अगदी मऊ. “मंदाचं हे नव्याने लिहा. ‘आईने दवाखान्यात नेण्यास नकार दिला’, एवढंच. नाहीतर पाहणी बंद पडेल, बाकीच्या पोरांचं दूधही जाईल.”
ते दूध खरंच जाईल. हीच तर पंचाईत.

१३ मार्च
लिहिलं. सुवाच्य अक्षरात.
संध्याकाळी गिरजा आली. “तुमच्या कागदात माज्या पोरीचं काय लिवलंय, वाचून दावा.” जुनं वाचलं, सहीसकट. मग म्हणाली, “म्हंजी तुमाला म्हाईत हुतं.”
हो म्हटलं.
“मला का न्हाई सांगितलं? मी पाठीवर घिऊन चालत गेले आसते.”
चहा ठेवला, तोवर ती निघून गेली.

१४ मार्च
तहसील कचेरीबाहेर बाकावर बसून लिहितेय. डॉ. आत गेलेत, साहेबांशी हसत बोलतायत. पिशवीत दोन्ही कार्डं. गिरजाला कुणी बोलावलेलंच नाही.
शिपायाने माझं नाव पुकारलं