थरथरणारी बॅटरी

लिंबायत, सुरत
२१ फेब्रुवारी १९९९, रविवार

प्रिय सरू,

मोबाइल घेतला. घे, पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, नाहीतर तू म्हणशील की हा माणूस शेजारच्या घरी जायचं असलं तरी आधी गावाला वळसा घालतो. नंबर मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, तात्यांना चष्मा सापडला नाही तरी वाचता येईल इतका मोठा. एसटीडीवाल्याला सांगायचं की आधी शून्य लाव. टीव्ही विकला, तेव्हा ओरडून घे एकदा आणि मग पुढचं वाच. तू इथे नसताना तो मी लावतच नव्हतो, त्याच्यावर तुझी विणलेली जाळी तेवढी होती, ती घडी करून पेटीत ठेवली आहे. सोमवारपासून हे चौथं पत्र लिहितो आहे. तीन फाडली. आज सुट्टी आहे, मागांची शेड बंद, म्हणून ठरवलं की काय वाटेल ते होवो, हे टपालात टाकायचंच.

मागच्या बाळंतपणाचं नाव काढायचं नाही असं आपण ठरवलं होतं, पण फोनचं सांगताना ते टाळायचं कसं? सगळ्यांना माहीत आहे तेच लिहितो. आपल्याकडे फोन नव्हता, म्हणून तात्यांनी माझ्या शेडच्या ऑफिसात फोन केला. पीपी नंबर म्हणून आपण तोच सगळ्यांना देत होतो. दिवाळीच्या तोंडावरचा मंगळवार होता. दारावर चिंधानाना वॉचमन होता, फोन त्याने घेतला. मी पोहोचलो गुरुवारी पहाटे. डॉक्टरीण मंगळवारीच म्हणाली होती की धुळ्याला न्या, सिझर करावं लागेल. तात्या म्हणाले, पोट फाडायचं म्हणजे जावयाची सही नको का, येऊ दे त्यांना, सुरत काय लांब आहे, संध्याकाळपर्यंत येतीलच. संध्याकाळ गेली, रात्र गेली, बुधवारी दुपारी तुला जीपमध्ये घातलं. तू वाचलीस. आपली पोरगी मी पाहिलीसुद्धा नाही.

आता तू आठव्यात आहेस आणि मला धड बसवत नाही. मागच्या पत्रात तू लिहिलंस की फोन घ्याच, पुन्हा त्या चिंध्यासारख्या माणसाच्या हाती आपला निरोप जायला नको. ती ओळ मी इतक्यांदा वाचली की कागद घडीवर फाटला. दुसऱ्या दिवशी पर्वत पाटियाच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात गेलो.

दुकानदार मोठा गोड बोलणारा. आधी त्याने काचेतून एक बारका, चकचकीत फोन काढला, झाकणाचा, खटकन उघडणारा. म्हणाला, काशिनाथभाई, खिशात घातला तर बायकोलासुद्धा कळणार नाही. मी म्हटलं, बायकोला कळावं म्हणूनच तर घेतोय बाबा. मग त्याने घंटीचे सूर वाजवून दाखवले, एकामागून एक, आठ-दहा झाले असतील. मला त्या सुरांशी काय करायचं होतं? तू शेडमध्ये एकदाच आली होतीस आणि कानात बोटं घालून बाहेर पळालीस, आठवतं? तिथे साठ माग एकदम चालतात. आम्ही जन्मभर हातांनीच बोलतो, धागा तुटला तर दोन बोटं, वीज गेली तर मूठ, शेठ आला तर मिशी. तिथे घंटी कोण ऐकणार? मी त्याला विचारलं, अंगाला कळेल असा फोन आहे का? तो आधी हसला. मग आतून एक दणकट, जाडजूड, वापरलेला फोन आणला आणि म्हणाला, याला थरथरणारी बॅटरी वेगळी मिळते. ती लावली, फोन माझ्या शर्टाच्या खिशात टाकला आणि दुकानाच्या फोनवरून लावला. सरू, खरं सांगतो, मी दचकून मागच्या बाकड्यावर बसलो. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात तू माझा हात धरून पोटावर ठेवला होतास, तेव्हा हाताखाली जसं झालं ना, तसंच ते छातीवर झालं. दुकानदाराला वाटलं मला शॉक बसला. मी म्हटलं, हाच दे.

कंपनी निवडायची तर त्याहून मोठं त्रांगडं. इथे दोनच, आणि दोघींचे लोक शपथेवर सांगतात की आमचाच टावर जवळ. मी कोणाच्या शपथेवर जाणारा नाही. शेठच्या मोबाइलमध्ये एका कंपनीचं कार्ड, रंगवाल्या मिलच्या मुकादमाकडे दुसऱ्या कंपनीचं. जेवणाच्या सुट्टीत दोघांचे फोन दोन हातांत घेऊन मी पूर्ण शेड फिरलो, मागांच्या मधून, गोदामात, संडासापर्यंत. शेठ म्हणाला, गांडो थई गयो, वेडाच झाला हा. वर पत्रे आहेत ना, आत गेलं की सिग्नलच्या दांड्या पटापटा पडतात. एकीच्या दरवाज्यातच संपल्या. दुसरीच्या चौदा नंबरच्या मागापाशी दोन टिकल्या, खिडकीजवळ तीन. ती महाग आहे, आलेला फोन उचलला तरी आपलेच पैसे कापते, ती पाहा कशी लुटारू. पण तिचंच कार्ड घेतलं. घरी तर आणखी तऱ्हा. खोलीत एकही दांडी नाही, ओट्यावर एक आणि मोरीच्या भिंतीवर चढलं की तीन. म्हणून मी सध्या ओट्यावर झोपतो. शेजारच्या मीराबाई विचारतात, भाऊ, सरूबाई माहेरी गेल्या तर घरात भूत शिरलं का?

हसायला हरकत नाही, पण माझी अवस्था खरोखर भूत लागल्यासारखीच आहे. माग चालू झाले की जमीन थरथरते, जमिनीबरोबर मी थरथरतो आणि दर दहा मिनिटांनी वाटतं, आला! पंजा दाखवून हाताखालच्या पोराला मागावर उभा करतो, धावत रस्त्यावर जातो, फोन काढून बघतो तर काही नाही. काल दिवसभरात अकरा वेळा गेलो. एकदा खरोखर थरथरला तर समोरचा कोणा पारेखला मागत होता, त्याला साड्यांचे ताके पाहिजे होते. त्याला मी काय काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. जेवताना फोन ताटाशेजारी, अंघोळीला दाराच्या फटीतून दिसेल असा. बॅटरी एका दिवसात मान टाकते, म्हणून सारखा चार्जिंगला लावायचा, आणि लावला की वाटतं नेमका आत्ताच फोन येणार. बारा वर्षं मागावर काढली, एवढा जीव कधी कशाला टांगला नव्हता. आणखी एक. शेठने इच्छापोरला नवी शेड घेतली आहे. तिथे चोवीस माग बसवायचे, ते लावणारा-दुरुस्त करणारा मुख्य जॉबर मी, पगारही वाढणार. परवा पाहून आलो. हजिऱ्याच्या रस्त्याला लागलं की दांड्या गेल्या त्या गेल्याच. मी शेठला नाही म्हणून सांगितलं. तो फार चिडला आहे. चिडू दे.

आता ज्याच्यासाठी तीन पत्रं फाडली तिथे येतो. त्या दुकानातून फोन घेऊन जिना उतरलो तर खाली स्टुलावर खाकी शर्ट घालून कोण बसलेलं असावं? चिंधानाना. त्या वेळी तात्यांनी शेठला फोन करून खडसावलं आणि शेठने त्याला त्याच दिवशी काढलं, ते तुला माहीत आहे. त्यानंतर मी त्याला पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर तो दिसू नये म्हणून मी बाजारालासुद्धा दुसऱ्या गल्लीने जात होतो. डोक्याचे सगळे केस पांढरे झालेत. मला वाटलं तोंड फिरवील. तो उठला, हातातला फोन पाहिला आणि विचारलं, सरू कशी शे? मी म्हटलं, आठवा लागला. त्याचे डोळे भरले गं. फोन हातात घेऊन उलटासुलटा केला, चांगलं केलंस म्हणाला, आणि बातमी आली की एकदा येऊन सांगून जा एवढंच मागितलं. मला राहवलं नाही. मी विचारलं, नाना, तुम्ही त्या वेळी कोणाला काही बोलला का नाहीत? तो म्हणाला, अरे, मला राखायला दुसरं गेट मिळालं. तुमचं घर मोडलं असतं तर ते कुठून मिळणार होतं?

या वाक्याचा अर्थ तुला लागणार नाही, कारण तुला खरं माहीत नाही. सरू, निरोप मला मिळाला होता. मंगळवारी सकाळीच मिळाला होता. चिंधानाना दारापासून धावत मागापर्यंत आला, त्याने पोटावरून हात फिरवला, गावाकडे बोट केलं आणि मला दंडाला धरून ओढलं. मी त्याला पंजा दाखवला, थांब. दिवाळीआधी धाग्याचे सगळे बीम मागांवर चढवून दिले तर शेठ मला जॉबर करणार होता. मला वाटलं, पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच, बायकांचं काम, मी जाऊन काय करणार? दुपारची गाडी सोडली. नाना संध्याकाळी परत आला, बुधवारी सकाळी परत आला, माझ्या पाया पडला. मी बुधवारी रात्री निघालो. शिंदखेड्याला उतरलो तर तात्या स्टेशनवर उभे होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि त्यांनीच विचारलं, निरोप उशिरा मिळाला का हो? मी हो म्हणालो. म्हणालो, वॉचमनने सांगितलंच नाही. ते तोंडातून निघालं आणि मग तू, तात्या, सगळं गाव त्या म्हाताऱ्याला शिव्या देत राहिलात आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो. जॉबर झालो. त्या पगारावर तुला टीव्ही आणला, तोच हा विकला. बाळंतपण सुखरूप झाल्यावर सांगावं, आता नको, असं मी शंभरदा ठरवलं. पण मग तू पुन्हा माझी वाट बघशील, तात्या पुन्हा म्हणतील की जावई आले की ठरवू, आणि हा फोन हाती आल्यापासून तर तुम्हाला माझा भरवसाच वाटायला लागेल. तो नको. म्हणून आत्ता सांगतो, रडून घे, मला हवं ते बोल, पण माझ्यासाठी एक घटकाही थांबू नका. डॉक्टरीण धुळे म्हणाली की त्याच क्षणी जीप काढा. सोबत एक कागद जोडला आहे, डॉक्टर सांगतील ते सगळं करायला माझी आधीच संमती आहे असं त्यावर लिहून सही केली आहे, नानाने साक्षीदार म्हणून अंगठा दिला आहे. तात्यांना तो तूच वाचून दाखव, आणि हे पत्रही. पाडव्यापासून मी सुट्टी घेतली आहे. नवापूर ओलांडलं की एकही दांडी नाही, हा फोन नुसता दगड होतो, तरी शिंदखेड्याच्या गाडीत तो माझ्या खिशात असेल. तू दारात उभं करणार नसशील तर तुमच्या गावच्या स्टँडवर बसून राहीन, पण या खेपेला गावात असेन. तोवर तो चालू आहे. शिव्या द्यायला का होईना, एकदा लाव. थरथरला की तुझाच आहे असं समजून मी मागावरून पळणार आहे, आणि या खेपेला मी कोणाला पंजा दाखवणार नाही.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
काशिनाथ