बडबडीचा सुळा

सोमवार, ८ जुलै
पुन्हा मोजायचा कॅलिपर, पुन्हा पेशंटच्या दातांची प्लास्टरची मॉडेलं. ज्यांचा वरचा सुळा खाली न येता टाळूकडे भरकटतो, त्यांचे बाकीचे दातही बारीक असतात का? डावी-उजवी बाजू सारखी असते का? प्रबंधाचा प्रश्न एवढाच. डोळ्यांची पार वाट लागली!

माझी पेशंट, बडबडी, आज आलीच नाही. तोंडात आरसा असला तरी बोलायची थांबत नाही ती. बारीक साखळी लावून तिचा सुळा ओढतोय—किती महिने! गेल्या खेपेला हिरडीतून जेमतेम डोकावला. आरशात बघून म्हणाली, "आला की नाही शहाणा!"

मंगळवार, ९ जुलै
रिसेप्शनवरून तिच्या घरी फोन केला. मावशीने उचलला. ताप मेंदूत गेला म्हणे. बघता बघता संपलं.
पंधरा-सोळा वर्षांची पोर.

शुक्रवार, १२ जुलै
गाईड सर म्हणाले, "तिचं मॉडेल उपचाराआधीचं आहे. मोजायला हरकत नाही." नाहीच हरकत. मोजलं. सुळ्याशेजारचा डावा दात उजव्यापेक्षा बारीक—किंचितच. आकडा लिहिला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

सोमवार, २२ जुलै
तिचे बाबा आले. शर्टाला कडक इस्त्री, पण बटणं एक घर चुकलेली.
"डॉक्टर, तुमच्याकडे तिचे दात आहेत ना?"
मला आधी कळेचना.
"आमच्या हिला हवेत. फोटोत पोर तोंड मिटूनच उभी. दात कुठेच दिसत नाहीत."
मी म्हटलं, तस्सं दुसरं मॉडेल करून देते. त्यांनी हळूच विचारलं, "तिच्या दातांच्या ठशातून निघालेलं कुठलं?"
मी कपाटाकडे बोट दाखवलं.
सरांना विचारलं. "रेकॉर्ड आहे ते. नक्कल दे." नियमाने बरोबरच!

बुधवार, २४ जुलै
नक्कल कपाटात ठेवली. अस्सल मॉडेल कापसात गुंडाळून बाबांच्या हातात दिलं. मग सरांना सांगून टाकलं. भडकले. "आता ती केस प्रबंधातून काढ." काढली. जाता जाता सर दारात थांबले—"कापूस पुरेसा घातलास ना?"

रविवार, २८ जुलै
आईशी फोनवर उगाच भांडले. 'जेवलीस का' एवढंच विचारलं होतं तिने.

गुरुवार, ८ ऑगस्ट
बडबडीची आई आली. पहिल्यांदाच पाहिलं तिला. पोरीला नेहमी बाबाच आणायचे. खुर्चीत बसली, तोंड उघडलं. डावीकडे दुधाचा सुळा, अजून तसाच! शेजारचा दात बारीक. खरा सुळा वर टाळूत बोटाला लागला.
"या वयात येईल का हो खाली?"
"वेळ लागेल. दुखेलही. खात्री नाही देता येत."
"लागू दे," म्हणाली. आणि पुन्हा तोंड उघडलं.