कोरड्यास

३ नोव्हेंबर, सोम.
पिंपळे गुरवची खोली पाहिली. एकटीपुरती. ओटा पाच फूट दोन इंच, खिडकी पूर्वेला. मालकीणबाईंना महिनाअखेर कळवायचं आहे.
इथे थेरगावात एका खोलीत तिघी. सारिकाताई बार्शीच्या, छाया जळगावची. दोघी चाकणला एकाच लाइनवर वायरिंग जोडतात. त्याच कंपनीत मी गेज लावून माल तपासते. त्या दोघी एकत्र जेवतात. माझं इंडक्शन वेगळं, कोपरा वेगळा. चार महिन्यांत एकही वाद नाही. दुसरंही काही नाही.

५ नोव्हें., बुध.
इंडक्शन बंद. उघडून पाहिलं. फ्यूज शाबूत, कॉइल जळलेली. दुरुस्तीवाला रविवारी देतो म्हणाला.
सा.ताई : "तवर काय हवा खाणार हाईस? ये की आमच्यात."
उद्या कंपनीची आठवड्याची सुट्टी. वाटणी झाली. भाकरी ताई, ठेचा छाया. मला, "तू कोरड्यास कर."
सोपं काम.

६ नोव्हें., गुरु.
बटाट्याच्या काचऱ्या केल्या. एकसारखे काप, पाण्याचा थेंब नाही. कोरडं म्हणजे कोरडं.
बसलो तर ताईंनी तिघींच्या ताटांत भाकरी आधीच कुस्करून ठेवलेली. मी झाकण काढलं. दोघींनी आत डोकावलं. मग छाया, "ताई, हे वरून ओतायचं कसं?"
ताई हसून हसून लाल. "अगं बाई, कोरड्यास म्हंजे कालवण! रस्सा!"
मी म्हणाले, "मग तसं सांगायचं. सूचना स्पष्ट नव्हती."
माल रिजेक्ट करताना मी याच आवाजात बोलते. ताईंचं हसू थांबलं. "बरं. चुकलं आमचं."
छायाने खालून ताकाच्या पिशव्या आणल्या. कुस्कऱ्यावर ते ओतून जेवलो.

७ नोव्हें., शुक्र.
कंपनीच्या बसमध्ये मागून, "कोरडी मॅडम आली, सरका!" छायाचं काम. आता हे नाव बसणार.
चुकीचं आहे असंही म्हणता येत नाही.
पिंपळे गुरवच्या मालकीणबाईंना 'खोली नक्की' असा मेसेज लिहिला. पाठवला नाही.

९ नोव्हें., रवि.
इंडक्शन आलं. खोक्यातून काढलं नाही, तोवर माझं ताट वाढलं होतं. गुरुवारपासून ताई कामापुरतं बोलतात. ताट मात्र वाढतात.
विचारलं, कोरड्यास हा शब्द कशावरून?
ताई भाकरी थापता थापता, "कशावरनं काय? कोरड्या भाकरीस लावून खायाचं, ते कोरड्यास."
स, ला, ते. चतुर्थी. शाळेत घोकलेलं. मी विशेषण धरून चालले होते.
माझी चूक, म्हणाले.
"कळलं न्हवं? मग गुरुवारी पुन्हा तूच."

१३ नोव्हें., गुरु.
आईने गुहागरहून दिलेलं कुळथाचं पीठ शिल्लक होतं. आजवर माझ्या एकटीच्या भातापुरतं काढायचे. आज सगळं काढलं. पिठी केली.
ताईंनी एक घास घेतला आणि थांबल्या. "हे तर हुलग्याचं माडगं हाय! माझी आय करायची."
"आमच्यात पिठी."
"आन् मला वाटायचं, ही कोपऱ्यात बसून कसलं इंग्रजी सूप पितीया."
छाया : "कोरडी मॅडम, आज तर पोहायलाच उतरवलं आम्हाला."
पातळ झाली होती, खरंच. मीही हसले. भाकरी पुरली नाही.

३० नोव्हें., रवि.
पिंपळे गुरवच्या मालकीणबाईंचा फोन दुपारी. उचलला नाही.
छायाने ताईंना खोलीचं सांगितलंय. माझ्या मोबाइलवर खोलीचे फोटो पाहिले असतील.
संध्याकाळी ताई परात घेऊन बसल्या. वर न बघता, "जायचं तर जा बाई. सोताची खिडकी कुणाला नको? फकस्त आधी सांग. पीठ किती जणींचं घ्यायचं, ते कळाया पायजे."
म्हणाले, "आजचं तिघींचं घ्या."
"आजचं इचारलंच न्हाई म्या." परात माझ्याकडे सरकवली. "मळ."
पाणी किती, विचारलं.
"पीठ सांगतंय."
मला तरी काही सांगेना. थोडं ओतलं. मग अजून थोडं.
फोन पुन्हा वाजला. माझे दोन्ही हात पिठात.