निळ्या खडूच्या फुल्या

प्रिय ठोक्या,

आपण टाइल लावणाऱ्याची मुलं. उंच इमारतीच्या कोनशिलेवर पुढाऱ्याचं नाव असतं, बिल्डरचं असतं, कोरणाऱ्याने कोपऱ्यात हळूच स्वतःचंही घातलेलं असतं. पंधराव्या मजल्याशी दोरांच्या पाळण्यात लोंबकळत ज्याने एकेक टाइल बसवली, त्याचं नाव कुठेच नसतं. भिंतीला तडा गेला की मात्र पहिला प्रश्न तोच, कोणी लावली होती? मान वाटताना आपला बाप कुणाला आठवत नाही, बोट दाखवताना हटकून आठवतो. हा सल तुझाही आहे आणि माझाही. छापखान्यात मुद्रितं तपासत होते तेव्हा कामगारांच्या सभांमध्ये मी तो तीस वर्षं घसा फोडून सांगितला. तू तो गिळलास आणि इंजिनिअर झालास. मला तू भोंगा म्हणतोस ते उगीच नाही. आज त्या भोंग्याचं कुणी ऐकत नाही, म्हणून कागद घेतलाय. शुक्रवारपासून चौदा वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता.

बाबा बरे आहेत. गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, ऐकू कमी येतं, पण बोटाच्या पेराने ठोकून बघायची सवय शुक्रवारपर्यंत काही गेली नव्हती. टेबल ठोकायचे, दार ठोकायचे, कलिंगड तर चार-चार वेळा ठोकायचे. परवा डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर बोटं ठोकून पाहिली तर म्हणाले, काय हो, पोकळ वाजतंय का? डॉक्टर हसले. मी हसू शकले नाही. मला आपला तो खेळ आठवला. बाबा उरलेल्या टाइलांचे तुकडे घरी आणायचे, सिमेंटच्या मालावर बसवायचे, आपल्याला डोळे मिटायला लावायचे आणि लाकडी हातोडीने ठोकून विचारायचे, भरीव की पोकळ? तू एकदाही चुकला नाहीस, तुझं ठोक्या हे नाव तिथलंच. मी चुकायचे. पण इतकी छातीठोक चुकायचे की बाबासुद्धा टाइल उखडून पुन्हा बघायचे. त्या वेळी ते सगळ्यांना गमतीचं वाटायचं.

तुला माहीत असलेलंच सांगते, कारण मला ते क्रमाने सांगायला हवंय. नवा नियम आला, सहा मजल्यांच्या वरच्या प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भिंतीची दर पाच वर्षांनी सक्तीची तपासणी. बाबांनीच टाइल लावलेल्या आमच्या इमारतीखाली फुटपाथवर पत्र्याचं संरक्षक छत उभं राहिलं, त्याला चौदा महिने झाले तरी पुढे काही होईना. खाली दिवसा अंधार. आमच्या तळमजल्यावरचा शिंपी भर दुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवायचा. गिऱ्हाइकं निम्मी झाली. म्हातारी माणसं त्या लोखंडी खांबांना धडकायची. मी सभा घेतली. नियम करणाऱ्यांच्या डोक्यावर छत नको असतं, आपल्याच डोक्यावर का, असं काय काय बोलले. आणि शेवटी म्हणाले, या भिंतीवर माझ्या बापाचे हात आहेत, तिची एक टाइल हलली तर मला विचारा. माणसं उभी राहिली. तो शिंपी रडला. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

तपासणीला तुलाच बोलवा, हेही मीच सुचवलं होतं. तू अकरा दिवस पाळण्यात होतास. भिंत इंचाइंचाने ठोकत गेलास आणि जिथे पोकळ वाजलं तिथे निळ्या खडूने फुली मारलीस. खालून बघितलं तर बाराव्या मजल्यापर्यंत भिंत स्वच्छ, आणि तिथून वर मास्तरांनी चुका काढलेल्या वहीसारखी. नंतर तुझा दाखला आला, सुरक्षित, किरकोळ दुरुस्ती पुढच्या तपासणीपर्यंत करावी. म्हणजे पाच वर्षं. त्याच आठवड्यात छत उतरवलं. आमच्या सेक्रेटरीने हौसेने भिंत धुऊन घेतली. वरून निळं पाणी ओघळत आलं आणि फुटपाथवर साचलं. माझी चप्पल त्यात भिजली. मी तीही धुतली.

शिंप्याने मशीन बाहेर काढलं. आता तो सकाळी नवापासून भिंतीला पाठ लावून उजेडात बसतो, शीळ घालतो. शुक्रवारी दुपारी तो कोपऱ्यावर चहाला गेला होता. परत आला तर त्याच्या स्टुलाच्या बसायच्या फळीला भोक पडलेलं, आणि खाली चिंध्यांच्या गाठोड्यात एक टाइल, नुसता टवका उडालेली. तो ती घेऊन आमच्याकडे वर आला, हसत. म्हणाला, “ताई, तुमच्या बाबांची आठवण. जपून ठेवा, मी काही परत वर लावायला जात नाही.” स्टूल जुनंच होतं म्हणे.

मी टाइल उलटी केली. ठोक्या, मागे पाच ठिपके. चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, रुपयाएवढे, वाळलेल्या मालाचे. बाकी टाइलची पाठ धुतलेल्या ताटलीसारखी कोरी. मी बाबांसमोर धरली. त्यांनी चष्मा लावला नाही, नुसता अंगठा फिरवला पाठीवरून, एकेका ठिपक्यावर थांबत. मग म्हणाले, “बाराव्याच्या वरची आहे.” मी विचारलं, तुम्ही लावलीत? म्हणाले, “सगळे तशाच लावायचे. मुकादम खालून ओरडायचा, तारीख दिलीय, तारीख दिलीय. पूर्ण माल थापला तर दिवसाला तीस व्हायच्या, ठिपके दिले तर ऐंशी.” जरा वेळाने म्हणाले, “खालून कुणाला दिसतंय, म्हटलं.” त्यानंतर त्यांनी काही ठोकलेलं नाही. कालपासून हात मांडीखाली घेऊन बसतात.

मी पहिल्यांदा शिंप्याकडे गेले. सांगितलं, मशीन आत घ्या, भिंत पोकळ आहे. तो हसला आणि म्हणाला, “अहो ताई, तुम्हीच तर भर सभेत सांगितलंत. आता तुमचं खरं मानू की तुमचंच?” सेक्रेटरीने दाखल्याची प्रत दाखवली, शिक्का आहे, सही आहे, तुमच्या सख्ख्या भावाची आहे. काल सकाळी मी फुटपाथवर खुर्च्या आडव्या मांडल्या. तासाभरात लोकांनी त्या भिंतीच्या कडेला नीट रचून ठेवल्या, एक बाई तर माझ्या तब्येतीची चौकशी करून गेली. आज इमारत तपासणीचं कार्यालय उघडल्या उघडल्या खिडकीशी उभी होते. तिथली मुलगी भली होती, दोनदा समजावलं तिने. तपासनिसाने भिंत असुरक्षित आहे असं कळवलं तर त्याच दिवशी फुटपाथ बंद होतो, तासाभरात माणसं येतात. रहिवाशाने कळवलं तर अर्ज रांगेत लागतो. तीस वर्षं ज्या जिभेने माणसं हलवली, तिने आज एक स्टूल हलत नाही.

इतका वेळ एका गोष्टीला वळसा घालतेय, ती आता लिहिते. तुझा पहिला अहवाल मी पाहिला होता. तू तो तुझ्या ऑफिसात माझ्यासमोर ठेवलास, वरच एक शब्द होता, असुरक्षित. दाखल्याआधी मला दाखवलास तो मी तुझी बहीण म्हणून. आणि मी तुझ्या बहिणीसारखी वागले नाही, मंचावर चढले. बापाचं नाव कुठे कोरलं गेलं नाही, आता सरकारी कागदावर त्याला खोटं ठरवणारा पहिला माणूस त्याचाच मुलगा असणार का, असं मी विचारलं. तू म्हणालास, “ताई, मी ऐकलंय ते, आत काही नाहीये.” मी म्हणाले, तुझे कान बिघडलेत, बाबांचे हात नाहीत. तू बराच वेळ खडूची निळी बोटं पुसत राहिलास. मग कागद स्वतःकडे फिरवलास आणि तो शब्द बदललास. जाताना दार लावून घे एवढंच बोललास, आणि तेव्हापासून बोलला नाहीस. लहानपणी मी चुकले की टाइल उखडून बघता यायची. त्या दिवशी मी चुकीचं इतक्या ठामपणे बोलले की तू स्वतःच्या कानांवरचा विश्वास सोडलास. तुझी सही माझ्या तोंडची आहे. तुझा परवाना जाईल, कदाचित त्याहूनही वाईट होईल. मी शेजारी उभी राहून सांगेन की ते शब्द कुणी वदवून घेतले. बाबाही सांगतील, त्यांनीच काल म्हटलं, माझं नाव घाला. पहिल्यांदाच कुणी त्यांचं नाव कागदावर घालणार आहे, आणि ते असं.

मी स्वतः आले नाही, कारण मी त्या भिंतीखाली उभी आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पलीकडून जायला सांगतेय. वेडी म्हणतात, पण बरेचसे ऐकतात, वेडीपासून लांब राहिलेलं बरं म्हणून. एक माणूस मात्र काही केल्या उठेना. म्हणून त्याला म्हटलं, माझ्या भावाला नवा कोट शिवायचाय, घाई आहे, आत्ताच जाऊन माप घ्या आणि हे पत्र तेवढं द्या. तो खूश होऊन निघतोय. हे वाचताना तुझ्या दारात गळ्यात टेप अडकवून जो उभा आहे ना, तोच तो. त्याला काही ठाऊक नाही. त्याला उठवायला माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, हे पत्र त्याचसाठी. त्याला आत घे, पाणी दे, सावकाश माप घेऊ दे, खांदे, छाती, बाह्या, हवं तर दोनदा. आणि त्याचा टेप तुझ्या अंगावर असतानाच, त्याला परत धाडायच्या आधी, फोन उचल आणि कार्यालयाला तो एकच शब्द सांग, जो तू पहिल्यांदा लिहिला होतास.

तुझीच,
ताई