एकच म्हणजे एकच

२ मार्च, सोमवार. सलूनला सुट्टी. दुपारी ४.

आजपासून रोज लिहायचं. कुणी वाचावं म्हणून नाही, नोंद राहावी म्हणून. पुढे कुणी म्हणायला नको की मामाने काही केलं नाही.

सकाळी धाकटी बहीण आली होती. तिची मुलगी, आमची गोटी, आठ वर्षांची. गोटीने सात महिने केसांना हात लावू दिलेला नाही. डाव्या कानामागे केसांचा गुंता झालाय, सुपारीएवढा घट्ट. खालची कातडी लाल झालीय. खाज सुटली की ती डोकं भिंतीवर आपटते. डॉक्टर म्हणाले, जखम चिघळायच्या आत गुंता निघायला हवा. घरी जमत नसेल तर हॉस्पिटलमध्ये गुंगी देऊन काढू. २० तारीख दिलीय.

धाकटीला ते नकोय. दोन वर्षांपूर्वी दातासाठी गुंगी दिली होती. गोटी अनोळखी खोलीत जागी झाली, तोंडात एक दात कमी. त्यानंतर चार महिने ती दोन्ही हातांनी तोंड दाबून झोपायची.

धाकटी ऑटिझम म्हणते. मी लाड म्हणतो.

मी हसलो. सख्खा मामा एकतीस वर्षं सलून चालवतोय आणि भाचीचे केस कापायला हॉस्पिटल? एकतीस वर्षांत माझ्या खुर्चीवरून एकही डोकं अर्धवट उठलेलं नाही. धाकटीला सांगितलं, २० कशाला, ५ तारखेलाच डॉक्टरांना फोन करून कळव की काम झालं. ती म्हणाली, "दादा, तू आधी तिचं ऐकून घे." ऐकून काय घ्यायचं? पोरगी दिवसाला दहा शब्द बोलते.

३ मार्च, मंगळवार.

प्लॅन तयार. गिऱ्हाईक कितीही चुळबुळ्या असो, त्याला बोलण्यात गुंगवायचं. हे माझं टेक्निक. हात चालतो, तोंड चालतं, डोकं आपोआप स्थिर होतं. शिवाय माझी मिशी. तेवीस वर्षं जोपासलेली, दोन्ही टोकं वर वळलेली. पोरं मिशीकडे बघत बसतात आणि केस कधी गेले ते त्यांना कळत नाही.

४ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७.

आजची परिस्थिती अनुकूल नव्हती.

गोटी दोन्ही कानांवर हात ठेवून आत आली. रेडिओ हळूच होता. शेजारचा चष्मेवाला भिंत ठोकतो, तो त्याचा स्वभाव. मी उत्साहाने स्वागत केलं, गोष्ट सुरू केली, खुर्चीत बसवलं, मानेला कापड बांधलं. तिने किंचाळून पाण्याची बाटली फेकली. बाटली आमच्या रोजच्या मास्तरांच्या पेपरावर पडली. मास्तर निवृत्त आहेत, दाढीला येतात आणि तासभर पेपर वाचतात. म्हणाले, पोरगी भारी हट्टी. मी हो म्हणालो. धाकटीने ऐकलं. गोटीचा हात धरून निघून गेली.

उद्या गोष्ट बदलायची. सिंहाची घेतो.

५ मार्च, गुरुवार.

गोटीच्या थेरपिस्ट मॅडमनी माझ्यासाठी एक तक्ता पाठवलाय. तीन रकाने. आधी काय झालं, तिने काय केलं, नंतर काय झालं. प्रत्येक वेळी भरायचा म्हणे. मी काय शाळेत आहे? तरी धाकटीसाठी भरला.

आधी काय झालं: काहीच नाही.
तिने काय केलं: बाटली फेकली.
नंतर काय झालं: पेपर भिजला.

संध्याकाळी मॅडमचा फोन. म्हणाल्या, पहिल्या रकान्यात "काहीच नाही" असं कधी नसतं, आपल्याला दिसलेलं नसतं. मी सांगितलं, मॅडम, माझ्या सलूनमध्ये चार आरसे आहेत. मला सगळं दिसतं.

७ मार्च, शनिवार.

सिंहाच्या गोष्टीचा उपयोग झाला नाही. चॉकलेट दाखवलं. तिने घेतलं, खाल्लं आणि खुर्चीकडे पाठ केली. मग मी मागून जाऊन मशीन सुरू केलं, जरा अंदाज घ्यायला. ती थेट बाकाखाली. पंचवीस मिनिटं बाहेर आली नाही. धाकटी तिच्या शेजारी फरशीवर बसून राहिली, एक शब्द न बोलता. मी मात्र सतत बोलत होतो, पोरीला धीर यावा म्हणून.

तक्त्यात लिहिलं: आधी काय झालं, काहीच नाही. धाकटीने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या अक्षरावर काट मारून लिहायला लागली. रेडिओ. पंखा खडखडतो. पावडरचा वास. मानेला कापड घट्ट. केसांवर अचानक गार पाणी. मशीनचा आवाज, तोही मागून. चार आरशांत चार मामा. रकाना संपला, मग समासात लिहिलं: चारही मामा बोलतात.

लहानपणापासून तिला अतिशयोक्तीची सवय आहे.

९ मार्च, सोमवार. सुट्टी. रात्री ८.

रेडिओ आज बंद ठेवला. कुणाच्या सांगण्यावरून नाही, सुट्टी होती म्हणून. पंखाही त्याच कारणाने. पावडरचा डबा कपाटात ठेवला, कारण सांडतो. आरशांवर टॉवेल टाकले, धूळ बसते. कापड धुवायला काढलं होतं.

गोटी आली. कानांवरचे हात खाली घेतले. आपणहून खुर्चीत बसली, खुर्ची बावीस वेळा गोल फिरवली (मोजून, ती मोठ्याने मोजते) आणि थांबली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी. मी गुंता बघितला. ओढून चालणार नाही, थोडा थोडा करत कापायला हवा. माझ्या अंदाजाने एकवीस कट.

मी म्हणालो, "गोटी, एकच कट."

ती म्हणाली, "एकच?"

"एकच."

कापला. हलली नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत. मनात म्हटलं, जिंकलो. आणि लगेच दुसरा कापला.

अंगठ्याला चावली. डावा अंगठा, चार दातांच्या खुणा. मग रडत दाराबाहेर.

धाकटी म्हणाली, "दादा, तू तिच्याशी खोटं बोललास." मी तिला समजावलं की याला खोटं म्हणत नाहीत, ही धंद्याची भाषा आहे. एकच कट, झालंच, दोन मिनिटं. जगातला प्रत्येक न्हावी हेच बोलतो. ती म्हणाली, जगातला प्रत्येक न्हावी गोटीचा मामा नाही.

तक्ता. आधी काय झालं: काहीच नाही. (दुसरा कट.)

११ मार्च, बुधवार.

गोटी आमच्या गल्लीतच शिरत नाही. कोपऱ्यावरच्या खांबाला मिठी मारते. काल रात्री पुन्हा भिंतीवर डोकं आपटलं, गुंत्याखाली रक्त आलंय. धाकटीने हॉस्पिटलची बॅग भरायला घेतली.

अंगठ्यावरच्या पट्टीबद्दल गिऱ्हाइकांना सांगितलं, वस्तरा लागला. मास्तर म्हणाले, एकतीस वर्षांनी? हे सांगणं चुकलंच. चावली हे सांगणं बरं होतं. मग खरं काय ते सांगितलं, तर मास्तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले की मी त्यांना वीस वर्षं "झालंच" म्हणतोय आणि ते ऐकलं की ते अग्रलेख वाचायला घेतात, कारण तो हमखास वाचून होतो.

यात माझा काय दोष? अग्रलेख हल्ली छोटे असतात.

१२ मार्च, गुरुवार.

मॅडम स्वतः आल्या. हळू आवाजात बोलतात. म्हणाल्या, गोटी हट्टीपणाने चावली नाही. शब्द सापडत नाहीत तेव्हा अंग बोलतं. आपण चावणं थांबवायला बघतो. चावायची वेळ कशामुळे आली, ते थांबवायचं. आणि पुढे काय होणार, किती वेळ होणार, हे तिला नेमकं सांगितलं आणि तसंच घडलं की तिला आधार वाटतो. मग विचारलं, तिच्या जागी तुम्ही असता तर?

मी म्हणालो, गप्प बसलो असतो.

धाकटी हसली. तिने मॅडमना मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली. दातांच्या डॉक्टरांनी मला "थोडंसंच टोचेल" म्हटलं आणि मी त्यांचा हत्यारांचा ट्रे लाथेने उडवला.

तो प्रसंग वेगळा होता. त्यांनी खोटं सांगितलं होतं.

(हे वाक्य मोठ्याने बोललो. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.)

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळी.

धाकटीच्या घरी गेलो. कात्री नेली नाही. मिशीला तेलही लावलं नाही, वासाचं आहे. गोटी खाटेवर चमचे ओळीत लावत होती. मी जमिनीवर बसलो. अर्धा तास बोललो नाही. माझ्या आयुष्यातला हा विक्रम असावा, पण तो नोंदवायला साक्षीदार चमचेच.

शेवटी ती म्हणाली, "मामाने दोन कापले."

मी माफी वगैरे मागितलेली नाही. मी मोठा आहे. फक्त एवढंच सांगितलं की हो, एक म्हणालो आणि दोन कापले, ते चुकलं, पुन्हा होणार नाही. याला माफी म्हणत नाहीत.

तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, डोळ्यांत पाहतेय. मिशीकडे पाहत होती.

"आता माझा एक," ती म्हणाली.

१६ मार्च, सोमवार. सुट्टी.

मी घाबरलो नव्हतो, हे आधी लिहून ठेवतो.

शटर अर्धं खाली. मी खुर्चीत. गोटीच्या हातात गोल टोकाची कात्री, धाकटी शेजारी. मी विचारलं, "एकच?" ती म्हणाली, "एकच." डोळे मिटले.

कात्रीचा आवाज इतक्या जवळून मी कधी ऐकला नव्हता. बराच मोठा असतो. पुढे कुठे लागणार ते कळत नाही, त्यामुळे अंगावर काटा येतो. बहुधा कात्रीचा दोष, तेल द्यायला हवं. डोळे उघडले तेव्हा माझ्या दोन्ही हातांनी खुर्चीचे हात पकडलेले होते.

डाव्या बाजूची मिशी गेली. मुळापासून.

आणि गोटीने कात्री ट्रेमध्ये ठेवून दिली. दुसरी बाजू तशीच. मी म्हणालो, निदान सारखी तरी कर. ती म्हणाली, "एकच." मी स्वतः हात घालायला गेलो, तर धाकटीने मनगट धरलं. ती बाजू कापली तर दोन होतात, म्हणाली.

मग गोटी खुर्चीत बसली. मी विचारलं, किती? "तीन." तीन कापले. प्रत्येक कट आधी बोटांवर दाखवला. तिसरा झाल्यावर कात्री खाली ठेवली. हातांना सवय नाही, चौथ्यासाठी आपोआप उठत होते. उजवा हात पाठीमागे धरला.

हॉस्पिटलला चार दिवस.

१८ मार्च, बुधवार.

काल चार, आज पाच. त्या दिवशीचे दोन धरून एकूण चौदा. दुपारी दोन ते अडीच सलून बंद ठेवतो. पाटी लावलीय: जेवणाची वेळ. ती रोज येते, आधी माझी मिशी तपासते, मग बसते.

गिऱ्हाइकांना सांगतो, नवी स्टाइल आहे. चष्मेवाला म्हणाला, एका डोळ्याने बघितलं तर छान दिसते.

उरले सात. दिवस एक. धाकटीची बॅग दाराशी भरलेलीच आहे.

१९ मार्च, गुरुवार. दुपारी ३.

विचारलं, किती? गोटीने विचार केला. "पाच."

सात हवे होते. मी धाकटीकडे पाहिलं, धाकटीने माझ्याकडे. एक शब्द बोललो असतो तर चाललं असतं: "झालंच." कुणाला कळलं असतं?

पाच कापले. गुंता दोन बटांवर लोंबकळत होता. कात्री ट्रेमध्ये ठेवली.

गोटी उठली नाही. आरशावरचा टॉवेल बाजूला करून कान बघितला. मग ट्रेकडे बघितलं. ट्रेमध्ये कात्री अजून तिथेच होती.

"अजून दोन," ती म्हणाली.

गुंता माझ्या हातात आला. धाकटीने बॅग उघडून कपडे परत कपाटात टाकायला घरी धाव घेतली आणि गोटीला इथेच विसरून गेली. पाच मिनिटांनी परत आली. गोटी खुर्ची फिरवत मोजत होती.

डावी बाजू कानापर्यंत, उजवी खांद्यापर्यंत. मी तोंड उघडलं, की जरा सारखं करू या. तिने माझ्या मिशीकडे पाहिलं. तोंड मिटलं.

२० मार्च, शुक्रवार.

डॉक्टरांना कळवलं. मलम दिलंय. रात्री गोटी शांत झोपली, भिंत वाजली नाही.

तक्ता भरून मॅडमना पाठवला. मी स्वतः भरला.

आधी काय झालं: मामा गप्प बसला.
तिने काय केलं: केस कापू दिले.
नंतर काय झालं: मामा गप्पच आहे.

यातून मी एक नवं टेक्निक शोधून काढलंय: गिऱ्हाइकाला खरं सांगायचं. आजपासून सलूनमध्ये लागू. पहिला मान मास्तरांचा. डाव्या गालाची दाढी झाली होती, उजव्या गालाला फेस. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, किती वेळ? मी म्हणालो, "अजून पंचवीस मिनिटं."

मास्तरांनी पेपराची घडी घातली. पंचवीस मिनिटं त्यांच्याजवळ नव्हती, बँक बंद होते म्हणाले. टॉवेलने फेस पुसला आणि गेले.

अर्धवट उठलेली डोकी: तीन. पैकी एक माझं.