सकाळी आठ ते नऊ कापणं

सोमवार, ४ मे. डोंगरकडा
आज हातून वाईट झालं. शेजारच्या प्रज्ञाच्या लग्नाच्या ब्लाउजची पाठ दुसऱ्याच बाईच्या मापानं कापली. कानाशी फोन, दुकानाच्या दारात तीन गिऱ्हाइकं, आत कुकरची शिट्टी. कात्री चालून गेली, मग कळलं. रुंदीला चार बोटं कमी. पांढरं रेशीम, साडीतलंच कापड. तसलं दुसरं मिळणार न्हाई. लग्न १७ ला. घरात कुणाला बोलले न्हाई.

मंगळवार, ५ मे
त्यांच्या घरी जाऊन खरं सांगून टाकलं. प्रज्ञाची आई, विमलबाई, लालबुंद. "वीस वर्सं शिवून राहिली तू, अन् माझ्याच लेकीच्या वेळंला असं?"
प्रज्ञा हळूच म्हणाली, "मावशी, जमंल का काही?"
जमवते म्हणाले. कसं, ते मलाच ठाऊक न्हाई. पण लपवलं असतं तर...

बुधवार, ६ मे
ठरवलं. सकाळी आठ ते नऊ दुकानाचा पडदा ओढायचा, फोन आतल्या खोलीत. तेवढा वेळ फक्त कापायचं. बोलायचं न्हाई.
हे हसले. "ऐन लग्नसराईत?"
पहिल्याच दिवशी बाहेरून हाका. "काहून बंद ठेवलं गं?" मी उठणारच होते. तेवढ्यात सासूबाई खुर्ची घेऊन दारात बसल्या. "सून कामात हाय. नऊला या."
माझ्या शिवणाला त्यांनी आजवर कधी काम म्हटलं नव्हतं. कात्री खाली ठेवली, डोळे पुसले, मग कापायला घेतलं.

शुक्रवार, ८ मे
एक गिऱ्हाईक रागानं कापड उचलून दुसरीकडं गेलं. जाऊ दे म्हणता आलं. आधी दिवसभर तेच डोक्यात राहिलं असतं.
प्रज्ञाची पाठ टेबलावर पसरून दोन पावलं मागं सरले, नुसतं बघत उभी राहिले. तेव्हा सुचलं. पाठ मधोमध उभी कापायची, साडीच्या उरलेल्या काठाची निळी पट्टी आत घालायची. एरवी मागं सरायला सवड कुठं.

रविवार, १० मे
झालं शिवून. पट्टी मानेपासून कमरेपर्यंत सरळ, एक धागा इकडं न्हाई की तिकडं न्हाई. हे म्हणाले, "आधीपासून असंच ठरवलं होतं वाटतंय."
"ठरवलं नव्हतं. चुकलं होतं, अन् मी सुधरवलं," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं.

मंगळवार, १२ मे
प्रज्ञा आईला घेऊन ब्लाउज घालून बघायला आली. हात वर, हात खाली, आरशाकडं पाठ. "मावशी, बराबर बसलं! केस वरच बांधते, पट्टी दिसली पायजे."
विमलबाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं. दोनदा. ब्लाउज पिशवीत घालून निघून गेल्या. आवडलं का राग अजून हाय, कळलं न्हाई. लग्नाला ये, असंही म्हणाल्या न्हाईत.
नंतर दुकानात सहा बाया, सगळ्यांना आजच पायजे. सगळ्या एकदम बोलून राहिल्या होत्या. मी मान खाली घालून हुक लावत बसले. एक झाला, मग दुसरा.